उपग्रह चित्रांवरून पठारावरील पाणीसाठ्यांचा दीर्घ मुदतीचा अभ्यास

गावचा तलाव लवकर आटू लागला की चावडीवर तीन मते हमखास ऐकू येतात. कोणी म्हणतो, "पाऊसच कमी झाला." दुसरा म्हणतो, "वरच्या गावाने पाणी अडविले." तिसऱ्याच्या मते तलाव गाळाने भरला आहे. तिघांच्याही म्हणण्यात थोडेफार तथ्य असू शकते. मात्र यातले खरे कारण कोणते, यावर पुढचा खर्च अवलंबून असतो. गाळ काढावयाचा, उपसा आवरावयाचा की पीकपद्धती बदलावयाची, हे कारण समजल्याशिवाय ठरविता येत नाही. चुकीच्या कारणावर पैसा खर्च झाला तर तलाव आहे तसाच राहतो आणि त्याच्या भरवशावर लावलेली बाग तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात वाळते.

पावसाची नोंद तालुक्याला मिळते. परंतु गावतलावात कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात किती पाणी होते, याची नोंद बहुतेक गावांत कोणीच ठेवलेली नाही. ही उणीव उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांवरून बऱ्याच अंशी भरून काढता येते. १९८४ पासूनची अशी चित्रे आज विनामूल्य उपलब्ध आहेत. ती कशी वाचावीत, त्यांवर विश्वास कोठे ठेवावा व कोठे ठेवू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

पाण्याची ओळख कशी पटते?

सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो व त्याचा काही भाग परत फिरतो. उपग्रहावरील संवेदक हा परत आलेला प्रकाश निरनिराळ्या पट्ट्यांत मोजतो. काही पट्टे आपल्या डोळ्यांना दिसतात, उदा. निळा, हिरवा, तांबडा. काही दिसत नाहीत. त्यांपैकी अवरक्त पट्टा आपल्या कामाचा आहे. हिरवे पीक अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पाणी मात्र तो जवळजवळ सगळा शोषून घेते. त्यामुळे अवरक्त चित्रात पीक उजळ आणि तलाव काळाभोर दिसतो.

या फरकावरून १९९६ मध्ये मॅकफीटर्स या शास्त्रज्ञाने एक सोपा निर्देशांक सुचविला. हिरव्या पट्ट्याच्या परावर्तनातून अवरक्त पट्ट्याचे परावर्तन वजा करावे आणि आलेल्या उत्तराला त्या दोहोंच्या बेरजेने भागावे. उत्तर धन आले तर सर्वसाधारणपणे पाणी आणि ऋण आले तर जमीन किंवा पीक, असे समजावे. समजण्यासाठी काही नमुन्याचे आकडे घेऊ.

स्वच्छ पाणी : हिरवा ६ टक्के, अवरक्त २ टक्के. (६ – २) ÷ (६ + २) = ०.५०
गढूळ पाणी : हिरवा १० टक्के, अवरक्त ८ टक्के. (१० – ८) ÷ (१० + ८) = ०.११
कोरडी जमीन : हिरवा ९ टक्के, अवरक्त १६ टक्के. (९ – १६) ÷ (९ + १६) = –०.२८
जोमदार पीक : हिरवा ८ टक्के, अवरक्त ४० टक्के. (८ – ४०) ÷ (८ + ४०) = –०.६७

यावरून लक्षात येईल की स्वच्छ पाणी व पीक यांत गल्लत होण्याचे कारण नाही. गढूळ पाण्याचा आकडा मात्र शून्याच्या जवळ येतो आणि तेथे चूक होण्याचा संभव असतो. म्हणून पहिल्या पुराच्या लाल पाण्याच्या चित्रावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

चित्राची बारकाई किती?

उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकटींचे बनलेले असते. एका चौकटीला एकच आकडा मिळतो. चौकट जितकी लहान तितके चित्र बारकाईचे.

अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सोडण्यात आला. १९८४ साली सोडलेल्या लँडसॅट-५ ने ३० मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींची चित्रे दिली. पुढे लँडसॅट-७ (१९९९), लँडसॅट-८ (२०१३) आणि लँडसॅट-९ (२०२१) यांनी हीच बारकाई कायम ठेवली. एक उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. २००८ पासून हा सर्व साठा विनामूल्य खुला करण्यात आला. आपल्या देशाने आयआरएस-१ए हा उपग्रह १९८८ मध्ये सोडला. पुढील रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-३ संवेदकाची चौकट सुमारे २३.५ मीटरची आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांकडून २०१५ पासून १० मीटर चौकटीची चित्रे मिळत आहेत.

हे आकडे आपल्या नेहमीच्या मापात बसवून पाहू. ३० मीटरची चौकट म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजेच सुमारे ९ गुंठे. ११ चौकटी मिळून साधारण एक हेक्टर होतो. सेंटिनेल-२ ची १० मीटरची चौकट म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा.

यातून एक मर्यादाही स्पष्ट होते. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद शेततळे क्षेत्रफळाने लँडसॅटच्या एका चौकटीएवढे असते. परंतु ते नेमके एका चौकटीत बसेलच असे नाही. बहुधा ते दोन किंवा चार चौकटींत विभागले जाते आणि प्रत्येक चौकटीत पाणी व बांध यांची सरमिसळ होते. परिणामी लँडसॅटच्या चित्रात असे शेततळे सुटून जाऊ शकते. तीच गोष्ट अरुंद नाल्यातील बंधाऱ्यांची. म्हणून जुन्या चित्रांवरून अभ्यास करावयाचा तो पाच-दहा हेक्टर वा त्याहून मोठ्या पसाऱ्याच्या तलावांचा, हे पक्के ध्यानात ठेवावे.

जगभरातील हिशेब

युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने लँडसॅटची सुमारे ३० लाख चित्रे तपासून १९८४ ते २०१५ या काळातील पृथ्वीवरील भूपृष्ठ पाण्याचा नकाशा तयार केला. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार या ३२ वर्षांत सुमारे ९०,००० चौ. कि.मी. क्षेत्रावरील कायम पाणी नाहीसे झाले, तर सुमारे १,८४,००० चौ. कि.मी. क्षेत्रावर नवे कायम पाणी आले. नव्या पाण्यात धरणांचा वाटा मोठा आहे. नाहीशा झालेल्या पाण्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक पाणी पश्चिम व मध्य आशियातील पाच देशांत गेले. एकूण बेरजेत पाणी वाढलेले दिसले तरी ज्याच्या दारचे पाणी गेले त्याला त्या बेरजेचा उपयोग नाही. म्हणूनच प्रत्येक पाणीसाठ्याचा हिशेब स्वतंत्र पाहावा लागतो. उंच पठारांवरील दोन उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत.

पोपो सरोवर : आटलेले पाणी

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात अल्टिप्लानो नावाचे विस्तीर्ण पठार आहे. या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१० मीटर उंचीवर टिटिकाका हे खोल सरोवर आहे. त्यातून बाहेर पडणारी देसाग्वादेरो नदी दक्षिणेकडे सुमारे ३,६९० मीटर उंचीवरील पोपो सरोवराला मिळते. पोपो हे बोलिव्हियातील दुसऱ्या क्रमांकाचे सरोवर. चांगल्या पावसाच्या काळात, १९८० च्या दशकाच्या मध्यास, त्याचा पसारा ३,००० चौ. कि.मी. च्या घरात होता. खोली मात्र अवघी तीन मीटरच्या आसपास. ताटासारख्या उथळ सरोवराला बाहेर जाण्याची वाट जवळजवळ नाही. आलेले पाणी बाष्पीभवनानेच जाते.

१९९० च्या दशकाच्या मध्यास हे सरोवर एकदा आटले व पुढे पुन्हा भरले. त्यामुळे "आटते तसे भरते" असा समज होणे स्वाभाविक होते. डिसेंबर २०१५ मध्ये ते पुन्हा कोरडे पडल्याचे जाहीर झाले. एप्रिल २०१४, जुलै २०१५ व जानेवारी २०१६ ची उपग्रह चित्रे शेजारी ठेवून पाहिली असता निळा पसारा आक्रसत जाऊन शेवटी पांढरट तळ तेवढा उरल्याचे स्पष्ट दिसते. मासेमारीवर जगणाऱ्या उरू लोकांची अनेक कुटुंबे या काळात गाव सोडून मजुरीसाठी बाहेर पडली.

याचे कारण एकच नव्हते. त्या वेळी एल-निनोमुळे अवर्षण होते. तापमान वाढल्यामुळे बाष्पीभवनही वाढले होते. नदीकाठी शेतीसाठी पाणी वळविले जात होते. खाणींच्या पाणीवापराची व त्यांच्या गाळाची त्यात भर पडली. यांपैकी अवर्षण पूर्वीही येत असे आणि सरोवर ते सोसत असे. परंतु वरून येणारा ओघच घटला की अवर्षणानंतर सावरण्याची ताकद कमी होते. दीर्घ मुदतीच्या चित्रांचा खरा उपयोग येथे होतो. एका वर्षीचे कोरडे चित्र फक्त दुष्काळ दाखविते. दुष्काळानंतर साठा पूर्वीइतका भरतो की नाही, हे तीस वर्षांची मालिका दाखविते.

तिबेटचे पठार : वाढलेले पाणी

तिबेटच्या पठारावर नेमके उलट घडले. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील सेलिंग सरोवराचा पसारा १९७० च्या दशकात १,७०० चौ. कि.मी. च्या आत होता. २०१० नंतर तो २,३०० चौ. कि.मी. च्या वर गेला आणि नाम सरोवराला मागे टाकून ते त्या प्रदेशातील सर्वांत मोठे सरोवर ठरले. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर पठाराच्या आतील भागात पाऊस व बर्फ यांचे प्रमाण वाढले. त्यात हिमनद्यांच्या वितळण्याची भर पडली.

पाणी वाढले म्हणजे सर्व चांगले, असे मात्र नाही. काठचे गवताळ कुरण पाण्याखाली गेले. सप्टेंबर २०११ मध्ये पठाराच्या उत्तर भागातील झोनाग सरोवराचा काठ फुटला. ते पाणी खालच्या सरोवरांत उतरत गेले. त्यांपैकी शेवटचे सरोवर फुगून रेल्वेमार्गाला धोका निर्माण झाल्यामुळे २०१९ मध्ये चर खोदून त्याचे पाणी काढावे लागले. या हालचालीवर उपग्रह चित्रांवरून सतत लक्ष ठेवता आले. शिवाय हिमनदी वितळून आलेले पाणी हे साठवणीतून काढलेले पाणी आहे. मूळ ठेव संपली की व्याजही थांबते, हे लक्षात घ्यावे.

पसारा म्हणजे साठा नव्हे

उपग्रहाच्या या चित्रांत पाण्याचा पसारा दिसतो, खोली दिसत नाही. ताटात व तांब्यात सारखेच पाणी ओतले तर ताटातील पसारा कितीतरी मोठा दिसेल. उथळ तलावाची पातळी अर्धा मीटर उतरली तरी पसाऱ्यात मोठी घट दिसते. सह्याद्रीच्या अरुंद खोऱ्यातील खोल धरणाची पातळी दहा मीटर उतरली तरी पसारा त्या मानाने कमी घटतो. म्हणून दोन वेगळ्या तलावांच्या पसाऱ्यांची एकमेकांशी तुलना करू नये. त्याच तलावाची, त्याच महिन्यातील, वर्षावर्षांची तुलना करावी.

भीमा नदीवरील उजनी जलाशयाचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा आहे. २०१६ व २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी 'उणे' पातळीत गेली. काठ उघडे पडले आणि पळसदेवचे बुडालेले मंदिर वर आले. तरीही चित्रात नदीपात्राच्या बाजूने पाण्याचा मोठा पट्टा दिसत होता. चित्रात निळे दिसते म्हणजे आपल्या पाइपापर्यंत पाणी आहे, असे त्यावरून समजता येत नाही.

पातळी मोजणारे उपग्रहही आता आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट हा उपग्रह सुमारे सहा हेक्टरपेक्षा मोठ्या तलावांची पाणीपातळी मोजण्यासाठी तयार केलेला आहे. परंतु त्याच्या नोंदी अलीकडच्या आहेत. मागील चाळीस वर्षांसाठी पसारा हाच आपला आधार.

आपल्या तलावाचा हिशेब कसा मांडावा?

हे काम गावातील संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुणाच्या मदतीने करता येते. वर उल्लेखिलेल्या जागतिक नकाशाचे 'ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर' हे संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. त्यात आपला तलाव शोधावा. पाण्याच्या वारंवारतेच्या नकाशात गडद निळी चौकट म्हणजे जवळजवळ कायम पाणी व फिकट गुलाबी चौकट म्हणजे क्वचित येणारे पाणी. बदलाच्या नकाशात हिरवा रंग वाढ, तांबडा रंग घट आणि काळा रंग बदल नसल्याचे दाखवितो. 'गूगल अर्थ' मध्येही १९८४ पासूनचे वर्षवार बदल पाहता येतात. आपल्या देशातील 'भुवन' हे संकेतस्थळही उपयुक्त आहे. निर्देशांक काढणे, चौकटी मोजणे यासाठी जवळचे कृषी महाविद्यालय किंवा कृषि विज्ञान केंद्र यांचे साहाय्य घ्यावे.

दर वर्षी तीन तारखा ठरवाव्यात : ऑक्टोबरअखेर, जानेवारीअखेर व एप्रिलअखेर. पहिल्या तारखेवरून तलाव किती भरला ते कळते, दुसरीवरून रब्बीत किती वापर झाला ते कळते आणि तिसरीवरून उन्हाळ्यासाठी काय उरले ते कळते. सुदैवाने या तीनही वेळी आपल्याकडे आकाश बहुधा स्वच्छ असते.

समजा, एका तलावाचा पाच-पाच वर्षांच्या सरासरीचा हिशेब पुढीलप्रमाणे आला.

जुनी पाच वर्षे : ऑक्टोबर ४४४ चौकटी (४० हेक्टर), जानेवारी २४४ चौकटी (२२ हेक्टर), एप्रिल ६७ चौकटी (६ हेक्टर).
अलीकडची पाच वर्षे : ऑक्टोबर ४४० चौकटी (३९.६ हेक्टर), जानेवारी १२२ चौकटी (११ हेक्टर), एप्रिल शून्य.

दोन्ही काळांतील पाऊस साधारण सारखा होता, असे धरू. ऑक्टोबरचा पसारा बदललेला नाही, म्हणजे तलाव अजूनही भरतो. "पाऊस कमी झाला" हे कारण येथे लागू पडत नाही. मात्र तलाव गाळाने उथळ झाला असेल तर तो पूर्वीपेक्षा कमी पाण्यातही काठोकाठ भरलेला दिसतो. त्यामुळे वरून येणारे पाणी पूर्वीइतकेच आहे, असा निष्कर्ष एवढ्यावरून काढता येत नाही. जानेवारीचा पसारा निम्म्यावर आला आहे. याची तीन कारणे संभवतात : गाळ, वाढलेला उपसा किंवा भरावातून होणारी गळती.

यांचा उलगडा पुढीलप्रमाणे करावा.

१. जानेवारीच्या त्याच चित्रात तलावाभोवतालचे हिरवे क्षेत्र मोजावे. पूर्वीपेक्षा बागायत खूप वाढली असेल तर उपसा हे प्रमुख कारण मानावे.

२. बागायत फारशी वाढलेली नसताना पाणी झपाट्याने उतरत असेल तर गाळ किंवा गळती यांचा संशय घ्यावा. मे महिन्यात तलाव कोरडा असताना तळात चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन मूळ मुरमापर्यंत गाळाची जाडी मोजावी.

३. भरावाच्या खालच्या बाजूच्या विहिरींची पातळी पाहावी. तलाव साठवण तलाव आहे की पाझर तलाव, हे विसरू नये. पाझर तलावाचे कामच पाणी मुरविणे हे आहे. तो जानेवारीत रिकामा झाला आणि खालच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहिले तर तलाव आपले काम चोख करीत आहे, असेच म्हणावे लागेल.

४. ऑक्टोबरचा पसाराच वर्षानुवर्षे घटत असेल आणि पाऊस घटलेला नसेल, तर वरच्या पाणलोटात नव्याने झालेले बंधारे, तलाव व बदललेला जमीनवापर यांची पाहणी करावी. वरच्या गावचे चित्रही त्याच तारखेचे पाहावे. तेथे वाढलेले पाणी आणि आपल्याकडे घटलेले पाणी यांचा मेळ बसतो का, ते तपासावे. असा आधार हाती असला तर दोन गावांतील बोलणी भांडणावर न जाता आकड्यांवर होतात.

पीक नियोजनासाठी उपयोग

सरासरीपेक्षा खात्री महत्त्वाची. मागील २० वर्षांपैकी किती वर्षी जानेवारीअखेर तलावात पाणी होते, ते मोजावे. समजा, १६ वर्षी होते. म्हणजे पाच वर्षांतून चार वर्षे रब्बीच्या पाण्याची खात्री आहे. हरभरा किंवा रब्बी ज्वारीला एक-दोन संरक्षित पाणी देण्याचे नियोजन यावर करता येते. आता एप्रिलअखेर पाणी २० पैकी फक्त ६ वर्षी आढळले, असे समजा. अशा तलावाच्या भरवशावर नवीन फळबाग लावणे म्हणजे दहा वर्षांतून सात उन्हाळे टँकरची वाट पाहणे होय. बाग लावावयाचीच असेल तर तिच्या उन्हाळी पाण्याची स्वतंत्र सोय आधी करावी आणि त्या पाण्याच्या मापानेच झाडांची संख्या ठरवावी.

बाष्पीभवनाचाही हिशेब धरावा. पठारी भागात उन्हाळ्यात दररोज ८ मि.मी. किंवा अधिक पाणी उडून जाते. १० हेक्टर पसाऱ्याच्या तलावातून ८ मि.मी. दराने रोज ८०० घनमीटर, म्हणजे ८ लाख लिटर पाणी हवेत जाते. उथळ पसरलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवण्यापेक्षा रब्बीत संरक्षित पाण्यासाठी वापरणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. अर्थात पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी बाजूला काढावा. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत रुजविली आहे. उपग्रहाचे आकडे अशा ताळेबंदाला जोड देऊ शकतात.

कोठे फसगत होते?

— पावसाळ्यात ढगांमुळे तलाव दिसत नाही. ढगाची सावली पाण्यासारखी काळी दिसते. पावसाळी महिन्यांसाठी रडार उपग्रहांची चित्रे उपयोगी पडतात. रडार लहरी ढगांतून आरपार जातात. सेंटिनेल-१ ची अशी चित्रे २०१४ पासून मिळतात.
— जलपर्णीने झाकलेले पाणी चित्रात पिकासारखे दिसते. तलाव आटला असे समजून चालू नये.
— पाणी ओसरल्यावर काठावर गाळपेर होते. तेथील हिरवा पट्टा म्हणजे तलाव आटल्याची खूण आहे, जलपर्णी नव्हे. दोहोंतील फरक गावकऱ्यालाच सांगता येतो.
— डोंगराची सावली व काळा खडक काही वेळा पाण्यात मोजला जातो.
— मे २००३ नंतरच्या लँडसॅट-७ च्या चित्रांत उपकरणातील बिघाडामुळे काळे पट्टे आहेत. त्या पट्ट्यांत माहितीच नाही. ती कोरडी जमीन समजू नये.
— १९९९ पूर्वीची चित्रे सर्व ठिकाणी सारखी उपलब्ध नाहीत. चित्र नसलेले वर्ष रिकामे सोडावे, अंदाजाने भरू नये.
— भूजल या चित्रांत दिसत नाही. विहिरींची नोंद हातानेच ठेवावी लागते.

म्हणून उपग्रहाच्या जोडीला गावातही नोंद हवी. तलावाच्या भरावाजवळ किंवा सांडव्याच्या भिंतीवर मोजपट्टी रंगवून घ्यावी. दर महिन्याच्या १ व १५ तारखेस पातळी वहीत लिहावी. शाळेतील मुले हे काम आवडीने करतील. दोन-तीन वर्षांत पातळी व उपग्रहाचा पसारा यांचा मेळ बसतो. मग जुन्या चित्रांवरून जुनी पातळीही अंदाजे सांगता येते.

थोडक्यात महत्त्वाचे

१. एका वर्षाच्या चित्रावरून निष्कर्ष काढू नये. किमान १५ ते २० वर्षांची मालिका पाहावी.
२. तोच तलाव, तोच महिना, अशीच तुलना करावी.
३. पसाऱ्याशेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहावा.
४. तलाव किती भरतो याबरोबरच पाणी किती महिने टिकते, हे पाहावे.
५. गाळ काढण्यापूर्वी गाळ हेच कारण आहे, याची खड्डे घेऊन खात्री करावी.
६. बहुवर्षायु पिकाचा निर्णय एप्रिलअखेरच्या पाण्यावरून घ्यावा, ऑक्टोबरच्या पाण्यावरून नव्हे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पोपो सरोवर एका रात्रीत आटले नाही. ते आक्रसत असल्याचे चित्रांत वर्षानुवर्षे दिसत होते. आपला तलाव त्यामानाने लहान आहे आणि तो सावरणे आपल्या आवाक्यातले आहे. येत्या ग्रामसभेत तलावाच्या वीस वर्षांचा तक्ता भिंतीवर लावावा, त्यापुढे बसूनच रब्बीची चर्चा करावी आणि पहिला ठराव मोजपट्टी बसविण्याचा करावा.